मुकी चित्रे

इ. स. २००० च्या सप्टेंबर महिन्यात ऑस्ट्रेलियातील सिडनी या शहरी ऑलिंपिक क्रीडासामने भरावयाचे होते. वर्षभर आधीपासूनच तेथे मोठी धामधूम चालली होती. नवी क्रीडांगणे उभी राहत होती, देशोदेशींच्या खेळाडूंच्या निवासाची सोय होत होती, तिकिटांच्या विक्रीची तयारी सुरू झाली होती. सामन्यांची सर्व माहिती जगातील लोकांना घरबसल्या मिळावी, म्हणून आयोजन समितीने एक संकेतस्थळही सिद्ध केले होते. कोणता खेळ कोणत्या दिवशी, कोणत्या मैदानावर. त्यात कोण भाग घेणार. आणि सामने सुरू झाल्यावर कोण जिंकले व कोण हरले, हे सारे त्या संकेतस्थळाच्या पानांवर पाहावयास मिळणार होते.

‘पाहावयास’ हा शब्द येथे ध्यानात ठेवावा. कारण ऑस्ट्रेलियातच ब्रूस मॅग्वायर नावाचे एक गृहस्थ राहत होते, आणि ते जन्मापासून अंध होते. ऑलिंपिकसारखा सोहळा आपल्या देशात भरावा आणि त्याची वार्ता आपल्याला दुसऱ्याच्या तोंडून ऐकावी लागावी, हे त्यांना रुचेना. त्यांच्या घरी संगणक होता. तो ते उत्तम रीतीने वापरीत. इतर अनेक संकेतस्थळांवरील मजकूर त्यांना विनासायास वाचता येत असे. परंतु ऑलिंपिकच्या संकेतस्थळावर गेले की जागोजागी त्यांची वाट अडे. सन १९९९ च्या जून महिन्यात त्यांनी तेथील मानवी हक्क व समान संधी आयोगाकडे समितीविरुद्ध तक्रार दाखल केली. तिकिटांची पुस्तिका आपल्याला ब्रेल लिपीत मिळावी, अशीही त्यांची एक मागणी होती. परंतु पुढे जगभर गाजले ते संकेतस्थळाचेच प्रकरण.

अंध मनुष्य संगणकाचा पडदा वाचतो तरी कसा, असा प्रश्न येथे कोणासही पडेल. त्याचे उत्तर समजावयाचे, तर प्रथम संकेतस्थळाचे पान आतून कसे असते ते पाहिले पाहिजे. डोळ्यांना ते पान रंगीबेरंगी दिसते. पण त्याच्या पोटात असतो तो साधा मजकूर. ‘हे शीर्षक आहे’, ‘येथे परिच्छेद सुरू झाला’, ‘येथून दुसऱ्या पानावर जाता येते’, ‘या ठिकाणी अमुक चित्र ठेवा’ अशा सूचना त्या मजकुराबरोबर लिहिलेल्या असतात. डोळसांसाठी संगणक या सूचनांप्रमाणे पान रंगवून दाखवितो. अंधांसाठी तोच मजकूर उचलून तो मोठ्याने वाचून दाखविणारी एक योजना संगणकात बसविता येते. तिला स्क्रीन रीडर म्हणतात. मराठीत तिला पडदावाचक म्हणू. हा पडदावाचक शीर्षक आले की ‘शीर्षक’ असे सांगतो, दुवा आला की ‘दुवा’ असे सांगतो, आणि मग पुढील शब्द उच्चारतो. सराव झालेले लोक तो इतक्या वेगाने ऐकतात, की शेजारी बसलेल्या डोळस माणसाला त्यातील एक अक्षर कळत नाही.

ज्यांना ऐकण्यापेक्षा स्पर्शाने वाचणे पसंत असते, त्यांच्यासाठी दुसरेही एक साधन आहे. संगणकाला एक लांबट पट्टी जोडलेली असते. तिच्यावर बारीक टाचण्यांची टोके ओळीने वर उचलली जातात आणि ब्रेल लिपीतील अक्षरे बोटांखाली उमटतात. ओळ वाचून झाली की ती टोके खाली बसतात आणि पुढील ओळ वर येते. मॅग्वायर अशीच पट्टी वापरीत असत. ही लिपी लुई ब्रेल या फ्रेंच मुलाने १८२४ साली तयार केली, तेव्हा तो अवघा पंधरा वर्षांचा होता. वयाच्या तिसऱ्या वर्षी वडिलांच्या कारखान्यात चामडे टोचावयाच्या आरीने त्याच्या डोळ्याला इजा झाली आणि पुढे दोन्ही डोळ्यांची दृष्टी गेली. सहा टिंबांच्या त्रेसष्ट निरनिराळ्या मांडण्यांत त्याने सर्व अक्षरे, अंक व विरामचिन्हे बसविली. भारतातील सर्व भाषांसाठी मिळून एकच ‘भारती ब्रेल’ १९५१ साली ठरली. मराठी मजकूरही तिच्यातच लिहितात. दीडशेहून अधिक वर्षांपूर्वीची ती टिंबे आता विजेच्या पट्टीवर नाचतात, हे मोठे गमतीचे आहे.

आता मॅग्वायर यांची अडचण समजणे कठीण नाही. पडदावाचक असो की ब्रेलची पट्टी असो, दोहोंनाही लागतात शब्द. चित्र त्यांना वाचता येत नाही. पानावर चित्र आले आणि त्याच्याविषयी काहीच लिहिलेले नसले, तर पडदावाचक फक्त ‘चित्र’ एवढेच म्हणतो. कधी कधी तो त्या चित्राच्या धारिकेचे नाव, अंक व अक्षरे यांची ती लांबलचक माळ, एकेक करून वाचीत सुटतो. ऑलिंपिकच्या संकेतस्थळावर खेळांची नावे व दुवे अनेक ठिकाणी चित्रांच्या रूपानेच दिलेले होते. डोळसाला धावणाऱ्या माणसाचे किंवा पोहणाऱ्या माणसाचे चित्र दिसे. त्यावर त्याने बोट ठेवले की तो त्या खेळाच्या पानावर पोहोचे. मॅग्वायर यांच्या बोटांखाली मात्र ही सारी चित्रे मुकी होती.

आश्चर्याची गोष्ट अशी, की चित्राला वाचा देण्याचा उपाय फारच सोपा आहे. चित्र ठेवण्याची जी सूचना पानात लिहावी लागते, तिच्यातच त्या चित्राचे शब्दांत वर्णन लिहिण्यासाठी एक जागा राखलेली असते. त्या मजकुरास ‘आल्ट टेक्स्ट’ म्हणजे पर्यायी मजकूर असे म्हणतात. तो पडद्यावर दिसत नाही. परंतु पडदावाचकाला तो सापडतो आणि तो वाचून दाखवितो. ज्या भाषेत संकेतस्थळाची पाने लिहितात, तिच्या १९९७ सालच्या नियमांत प्रत्येक चित्राला असा मजकूर देणे आवश्यक ठरले होते. टिम बर्नर्स-ली या इंग्रज शास्त्रज्ञाने १९८९ साली जिनिव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेत असताना वेबची कल्पना मांडली. तिचे नियम ठरविण्यासाठी १९९४ साली त्यांच्याच पुढाकाराने वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम ही संस्था स्थापन झाली. या संस्थेने ५ मे १९९९ रोजी, म्हणजे मॅग्वायर यांच्या तक्रारीच्या एकच महिना आधी, संकेतस्थळे सर्वांना वापरता यावीत यासाठी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांतील अगदी पहिली सूचना हीच होती: जे काही शब्दरूप नाही, त्याला शब्दांचा पर्याय द्या.

पर्यायी मजकूर लिहिणे सोपे असले, तरी तो चांगला लिहिण्यास थोडी विचारशक्ती लागते. समजा, रायगडाच्या टकमक टोकाचे एक छायाचित्र आहे. इतिहासाच्या पानावर त्याच्याखाली ‘रायगडाचे टकमक टोक’ असे लिहावे लागेल. तेच छायाचित्र भूगोलाच्या पानावर आले, तर ‘सह्याद्रीतील काळ्या पाषाणाचा ताशीव उभा कडा’ हे शब्द अधिक उपयोगी. चित्र तेथे कशासाठी ठेवले आहे, हे ओळखून त्याचे काम शब्दांकडे सोपवावयाचे असते. ‘सुंदर चित्र’ किंवा ‘छायाचित्र क्रमांक तीन’ असे लिहिणे म्हणजे वाटसरूने रस्ता विचारला असता ‘हा रस्ता आहे’ असे सांगण्यासारखेच आहे. उलट पानाच्या कडेची वेलबुट्टी नुसती शोभेसाठी असते. तिचे वर्णन करीत बसले तर ऐकणाऱ्याचा जीव मेटाकुटीस येईल. म्हणून तेथे ती जागा मुद्दाम रिकामी ठेवतात, आणि पडदावाचक मुकाट्याने पुढे जातो. कोठे बोलावे आणि कोठे गप्प बसावे, हे माणसांप्रमाणे चित्रांनाही शिकवावे लागते.

मॅग्वायर यांच्या मागण्या तीन होत्या. चित्रांना पर्यायी मजकूर द्यावा. वेळापत्रकाच्या पानावरून खेळांच्या सूचीकडे जाण्याची वाट त्यांना मिळावी. आणि निकालांची कोष्टके त्यांना वाचता येतील अशी मांडावी. यांपैकी शेवटची मागणी सहज लक्षात येणार नाही, म्हणून एक उदाहरण घेऊ. याच सिडनीच्या सामन्यांत १९ सप्टेंबर २००० रोजी आंध्र प्रदेशच्या कर्णम मल्लेश्वरी यांनी ६९ किलो वजनाच्या गटात भारोत्तोलनात कांस्यपदक मिळविले. ऑलिंपिक पदक मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. पहिल्या प्रकारात त्यांनी ११० किलो वजन उचलले, दुसऱ्या प्रकारात १३० किलो, आणि दोन्ही मिळून २४०. कोष्टकात हे आकडे आडव्या ओळीत येतात आणि कशाचा आकडा कोणता, हे वरच्या मथळ्यांवरून डोळ्यांना तत्काळ कळते. परंतु तेच कोष्टक जर नीट बांधलेले नसेल, तर पडदावाचक नुसते म्हणतो, ‘एकशेदहा, एकशेतीस, दोनशेचाळीस’. कधी तो एका खेळाडूचे नाव वाचून दुसऱ्याच खेळाडूचा आकडा त्याला जोडून देतो. मग पदक कोणास मिळाले, याचा ऐकणाऱ्याने तर्कच करावा. प्रत्येक मथळा कोणत्या रकान्याचा आहे, एवढी सूचना पानात आतून दिली की पडदावाचक ‘एकूण वजन, दोनशेचाळीस’ असे स्पष्ट सांगू लागतो.

समितीने तक्रार मान्य केली नाही. संकेतस्थळ फार मोठे आहे, त्यात पानांचे १२९५ साचे आहेत; ते सारे बदलावयाचे तर एका माणसास रोज आठ तास काम करून ३६८ दिवस लागतील, आणि इतर व्यवस्थेसह खर्च किमान बावीस लाख डॉलरच्या घरात जाईल, असे तिचे म्हणणे होते. ऑस्ट्रेलियात १९९२ सालापासून असा कायदा होता, की विकलांगतेमुळे कोणास सेवेतून वगळता येणार नाही; मात्र ती सेवा देण्यात अवाजवी कष्ट पडत असतील तर सूट मिळू शकते. समितीने त्या सुटीचाच आधार घेतला.

आयोगापुढे दोन तज्ज्ञांच्या साक्षी झाल्या. कॅनडातील जुटा ट्रेव्हिरानस आणि ऑस्ट्रेलियातील टॉम वर्दिंग्टन यांनी संकेतस्थळाची रचना तपासली. हे काम वर्षाचे नव्हे. योग्य माणसे मिळाली तर चार आठवड्यांत ते पुरे होईल, असे त्यांनी सांगितले. साचे १२९५ नसून त्याहून पुष्कळच कमी आहेत, हेही पुढे आले. शिवाय हे सर्व पहिल्यापासून केले असते, तर त्याचा भार अगदीच थोडा झाला असता. घर बांधताना उंबरठ्याशी उतरण ठेवण्यास फारसे काही लागत नाही. घर पुरे झाल्यावर पायऱ्या फोडून ती करावयाची म्हणजे गवंडी आला, चुना आला, खोळंबा आला! चार आठवडे की ३६८ दिवस, या वादाचे मूळ येथेच होते.

आयोगाचे न्यायनिर्णायक विल्यम कार्टर यांनी २४ ऑगस्ट २००० रोजी आपला निर्णय दिला. समितीने मॅग्वायर यांना बेकायदा वगळले असून, सामन्यांच्या उद्घाटनाच्या दिवसापर्यंत, म्हणजे १५ सप्टेंबरपर्यंत, तिन्ही दुरुस्त्या कराव्यात, असा त्यांनी आदेश दिला. समितीने तो पुरतेपणी पाळला नाही. सामने झाले, पदके वाटली गेली, खेळाडू घरोघर परतले. आणि त्यानंतर नोव्हेंबर महिन्यात मॅग्वायर यांना वीस हजार डॉलर नुकसानभरपाई देण्याचा हुकूम झाला. भरपाई मिळाली, पण ज्या पंधरवड्यासाठी सारा खटाटोप केला तो पंधरवडा काही परत आला नाही. तथापि, संकेतस्थळ वापरता न येणे हाही भेदभावच होय, असे सांगणारे हे जगातील आरंभीच्या निर्णयांपैकी एक ठरले.

संकेतस्थळ नीट बांधले, तरी अंध वाचकाच्या हाती पडदावाचक असावाच लागतो. त्या काळी चांगल्या पडदावाचकाची किंमत पुष्कळदा संगणकाच्याही किमतीहून अधिक असे. म्हणजे जी गोष्ट डोळसास संगणकाबरोबर फुकट मिळे, तीसाठी अंधाने दुप्पट दाम मोजावयाचे. ऑस्ट्रेलियातीलच मायकेल करन आणि जेम्स टेह या दोघा अंध मित्रांना हा अन्याय सहन झाला नाही. लहानपणी अंध मुलांसाठी भरलेल्या एका संगीतशिबिरात त्यांची ओळख झाली होती. दोघेही संगणकाचे जाणकार निघाले. सन २००६ मध्ये मायकेलने स्वतःच एक पडदावाचक लिहावयास घेतला आणि थोड्याच काळात जेम्सही त्यास येऊन मिळाला. ‘एनव्हीडीए’ या नावाचा त्यांचा पडदावाचक कोणासही विनामूल्य मिळतो; त्याची आतील रचनाही सर्वांस खुली आहे. निरनिराळ्या देशांतील स्वयंसेवकांनी तो पन्नासांहून अधिक भाषांत नेला आहे. त्याच्याबरोबर जो उच्चारक येतो, तो मराठीही बोलतो. त्याचा आवाज थोडा यंत्रासारखा खरखरीत आहे खरा, परंतु त्याचे उपकार फार मोठे आहेत.

येथवर अंध वाचकांचाच विचार झाला; परंतु वाट अडते ती त्यांचीच असे नाही. कोणाच्या हाताला कंप असतो, त्यास माउस धरता येत नाही. तो कळफलकावरील टॅब ही एकच कळ दाबीत एका दुव्यावरून दुसऱ्या दुव्यावर जातो. पानाची रचना करणाराने ती सोय ठेवली नसेल, तर तो मध्येच अडकून पडतो. बहिऱ्या मुलास चलचित्रातील भाषण ऐकू येत नाही. त्याच्यासाठी खाली शब्द उमटावे लागतात. काही जणांना लाल व हिरवा हे रंग वेगळे ओळखता येत नाहीत. ‘लाल रंगात दाखविलेल्या चौकटी भरणे आवश्यक आहे’ असे ज्या अर्जावर लिहिलेले असते, तो त्यांच्या दृष्टीने एक कोडेच असतो; चौकटीशेजारी ‘आवश्यक’ हा शब्द लिहिला की कोडे सुटते. कित्येकांना पांढऱ्यावर फिकट करडी अक्षरे फार शोभिवंत वाटतात. मात्र आजोबांना ती दिसत नाहीत, आणि भर उन्हात मोबाइल पाहणाऱ्या तरुणासही दिसत नाहीत. मार्गदर्शक तत्त्वांची दुसरी आवृत्ती २००८ साली निघाली. तिच्यात यासाठी मापच घालून दिले आहे: नेहमीच्या आकाराचे अक्षर व त्याची पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे प्रमाण किमान साडेचारास एक असावे. पांढऱ्यावरील काळ्या अक्षराचे हे प्रमाण एकवीसास एक भरते. शोभेसाठी अक्षरे पुसट करणे ही हौस पानाच्या मालकास परवडली, तरी वाचकास परवडत नाही.

आपल्या देशात २०११ च्या जनगणनेप्रमाणे दृष्टिदोष असलेल्या व्यक्तींची संख्या सुमारे पन्नास लाख होती. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ साली संमत झाला आणि पुढील वर्षी अमलात आला. माहिती व संपर्क यांची साधने दिव्यांगांना वापरता येतील अशी असावीत, असे त्यात म्हटले आहे. तरीही अडचणी येतातच. अलीकडे बँकेत खाते उघडताना मोबाइलसमोर चेहरा धरून पापणी मिटून दाखवावी लागते. समोर खरा मनुष्य आहे, त्याचे छायाचित्र नव्हे, याची ती खूण. परंतु आम्लाने भाजून ज्यांच्या डोळ्यांची हानी झाली आहे, त्यांनी पापणी मिटावी कशी? जो अंध आहे, त्याला आपला चेहरा चौकटीत आला की नाही हे कळावे कसे? अशा नागरिकांच्या याचिका सर्वोच्च न्यायालयापुढे आल्या. दिनांक ३० एप्रिल २०२५ रोजी न्यायालयाने निर्णय दिला, की संगणक व मोबाइल यांच्याद्वारे मिळणाऱ्या सेवांपर्यंत पोहोचता येणे हा राज्यघटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचाच भाग आहे. पापणी मिटण्याऐवजी अन्य पर्याय द्यावेत, अशा प्रकारचे वीस आदेशही त्याने दिले. सिडनीत प्रश्न खेळांच्या निकालांचा होता. येथे तो बँकेतील खात्याचा, म्हणजे पोटापाण्याचा झाला.

मराठी पानांच्या काही अडचणी आणखी निराळ्या आहेत, आणि त्या परदेशच्या पुस्तकांत सापडावयाच्या नाहीत. संगणकाला अक्षर ठाऊक नसते, त्याला फक्त अंक कळतो. युनिकोड या जागतिक पद्धतीत ‘क’ या अक्षराचा क्रमांक २३२५ आहे. हा अंक आला की मुंबईतील संगणक असो वा लंडनमधील, तो ‘क’ असेच समजतो. पण ही पद्धती रुळण्यापूर्वी मराठी टंक निरनिराळ्या कारागिरांनी आपापल्या सोयीने तयार केले होते. त्यांत अंक असे रोमन अक्षराचा आणि त्यावर आकृती चढविलेली असे देवनागरीची. डोळ्यांना ‘क’ दिसे; पडदावाचकाला मात्र भलतेच रोमन अक्षर सापडे. अशा टंकात लिहिलेली ज्ञानेश्वरीही त्याच्या तोंडून निरर्थक अक्षरांची खिचडी होऊन बाहेर पडते. म्हणून मराठी मजकूर युनिकोडमध्येच असणे अगत्याचे आहे.

याशिवाय पान कोणत्या भाषेत आहे, हेही त्याच्या आरंभी सांगून ठेवावे लागते. मराठी व हिंदी यांची लिपी एकच असल्यामुळे यंत्राचा गोंधळ होतो. भाषा सांगितली नाही, तर पडदावाचक मराठी पान हिंदी उच्चारांनी वाचू लागतो. मग ‘चमचा’ आणि ‘जग’ हे शब्द कानाला असे काही लागतात, की घरात पाहुणाच बोलत आहे असे वाटावे.

सर्वांत मोठी अडचण मात्र आपणच रोज निर्माण करतो. संस्थेची सूचना असो, परीक्षेचे वेळापत्रक असो की लग्नाची पत्रिका असो, आपण तो कागद समोर धरतो, त्याचे छायाचित्र काढतो आणि पाठवून देतो. त्यात शंभर शब्द असले, तरी यंत्राच्या दृष्टीने ते एक चित्रच. अलीकडे छायाचित्रातील अक्षरे ओळखणारी यंत्रे निघाली आहेत, परंतु हस्ताक्षर वेडेवाकडे असले किंवा कागद सुरकुतलेला असला की ती फसतात. परीक्षेची वेळ अकराची की साडेअकराची, याविषयी तर अंदाज चालत नाही. शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या निमंत्रणाचे छायाचित्र पाठवावयाचे झाल्यास ते अवश्य पाठवावे. मात्र त्याच्याखाली दिवस, वेळ, ठिकाण आणि कार्यक्रम एवढे चार-पाच ओळींत टंकून टाकावे. याला दोन मिनिटे लागतात. मग ज्याच्या घरी पडदावाचक आहे, त्या माजी विद्यार्थ्यासही स्नेहसंमेलन किती वाजता आहे हे दुसऱ्या कोणास विचारावे लागत नाही.

स्वाध्याय

१. चित्राला ‘मुके’ असे या पाठात का म्हटले आहे? ते बोलके कसे करता येते?
२. आयोजन समितीचे म्हणणे व तज्ज्ञांचे म्हणणे यांत कोणता फरक होता? तो का पडला असावा?
३. कोष्टक नुसते ऐकले असता कोणती अडचण येते, हे तुमच्या वर्गाच्या वेळापत्रकाचे उदाहरण घेऊन लिहा.
४. या पाठ्यपुस्तकातील कोणतेही एक चित्र निवडा. ते न पाहणाऱ्या मित्रास कळेल असा त्याचा पर्यायी मजकूर वीस शब्दांच्या आत लिहा.
५. शाळेतील संगणकावर एखादे मराठी संकेतस्थळ उघडा. माउस बाजूस ठेवून केवळ टॅब व एंटर या कळांच्या साहाय्याने त्यावरील एक बातमी शोधा. वाट कोठे अडली ते वहीत नोंदवा.